पाठ फिरवण्याचा नियम

संपाचे नऊ नियम मुंबईच्या युनियननं पाठवले आणि दहावा राजवर्धन जगतापनं स्वतःच्या डोक्यातून काढला. नऊ पुरले नसते का? चांगले पुरले असते. पण जगतापांच्या घरात कुठलीही गोष्ट बेतानं करायची रीतच नाही. पणजोबा सरकारांच्या पागेत, आजोबा पोलिसांत, वडील जयवंतराव एसटीत कंडक्टर, आणि तिथंसुद्धा त्यांनी सख्ख्या मेहुण्याला कधी बिनतिकिटाचं बसू दिलं नाही. मेहुणा पुढे जन्मभर जगतापांच्या पायरीला शिवला नाही, तरी जयवंतराव ही गोष्ट अजून कौतुकानं सांगतात. अशा घरातला राजवर्धन बडोद्याच्या विमानतळावरच्या संपाचा म्होरक्या झाला, मग काय विचारता!

नऊ नियम तसे साधे होते. गणवेश घालून यायचं नाही. विमानतळाचा पास घरी ठेवायचा. कोर्टानं ठरवून दिलेल्या रेघेपुढे पाऊल टाकायचं नाही. रस्ता अडवायचा नाही, आणि ॲम्ब्युलन्स आली तर सगळं सोडून आधी तिला वाट. प्रवाशांशी हुज्जत नाही, कुणाला हात लावणं नाही, पुतळे जाळणं नाही. कुणी साहेब एकटा बोलायला आला तर त्याच्याशी बोलायचं नाही, ते काम वकिलाचं. आणि नववा सगळ्यांत कडक: आपले असून जे कामावर जातात त्यांच्याशी चकार शब्द बोलायचा नाही. दुसऱ्या एका शहरात कुणीतरी रागाच्या भरात 'बघून घेतो' म्हणालं होतं. कुणीतरी मोबाइलवर ते टिपलं, आणि कोर्टानं तो संप तिथल्या तिथं गुंडाळायला लावला.

राजवर्धनचं एवढ्यानं समाधान होईना. बोलू नका म्हटलं तरी माणसं डोळे वटारणार, ओठ हलवणार, थुंकणार. तेही कुणीतरी टिपणार. म्हणून त्यानं ठरवलं, आपला माणूस आत जायला लागला की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करून उभं राहायचं, तो फाटकाआड होईपर्यंत. तोंडच दिसलं नाही तर धमकी दिसणार कुठून? विमानतळासमोर हरणीच्या रस्त्याकडेला त्यानं स्वतःच्या हातानं फक्कीची रेघ ओढली, सगळ्यांना एका ओळीत उभं केलं आणि हात वर केला की कसं वळायचं ते दोनदा करून घेतलं.

"वाह, राजूभाई! एकदम मिलिटरी!" कुणीतरी म्हणालं आणि राजूभाईंची छाती फुगली.

आता हा संप कशासाठी होता तेही सांगितलं पाहिजे. पगारासाठी नव्हता. एका माणसासाठी होता. विमान उभं राहतं त्या पटांगणावर बॅगा चढवायला एक बुटकी गाडी असते, तिच्यावर लांब उतरता पट्टा. तिला बेल्ट लोडर म्हणतात. ती गाडी मागे घ्यायची झाली की चालवणाऱ्याला मागचं धड दिसत नाही. म्हणून मागे एक माणूस उभा राहतो. चालवणारा आरशात त्याच्या तोंडाकडे बघतो आणि त्याच्या इशाऱ्यावर गाडी घेतो. राजवर्धन स्वतः कंपनीत हीच गाडी चालवायचा आणि इतकी वर्षं नव्या पोरांना हेच शिकवत आला होता. "तोंड दिसेना की पाय ब्रेकवर. मग देव आला आणि म्हणाला चल, तरी हलायचं नाही." कंपनीनं तो मागचा माणूसच काढून टाकला. म्हणे, कॅमेरे बसवणार आहोत. कॅमेरे काही आले नाहीत, माणूस मात्र गेला. दोन-तीन वेळा थोडक्यात निभावलं, आणि मग राजवर्धननं मुंबईला फोन लावला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोडं अडलं ते घरात.

राजवर्धनचा धाकटा भाऊ समरजित त्याच पटांगणावर बॅगा उचलायचा, पण कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली. कामाला लावला होता राजवर्धननंच. दोघांत चांगलं बारा-तेरा वर्षांचं अंतर, त्यामुळे समरला सायकल शिकवली दादानं, पोहायला शिकवलं दादानं. हरणीच्या मोकळ्या मैदानात एका भंगार टेम्पोवर रविवारी रविवारी गाडी मागे घ्यायला शिकवली तीही दादानंच. स्वतः टेम्पोच्या मागे उभा राहायचा, उलटं चालत जायचा आणि ओरडायचा, "माझ्याकडे बघ! चाकाकडे नको, माझ्या तोंडाकडे बघ!" समर खिदळायचा. म्हणायचा, "तुझं तोंड आरशात फार भयंकर दिसतं दादा, म्हणूनच ब्रेक लागतो."

संपाच्या आदल्या संध्याकाळी बाबाजीपुऱ्यातल्या घरी सगळे जेवायला बसले होते.

"तू उद्यापासून घरी राहायचंस," राजवर्धन भावाला म्हणाला.

"कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला होता," समर म्हणाला. "जो येणार नाही त्याचा पास रद्द. परत घेणार नाहीत."

"घेतील. मी बघतो."

"तू काय बघणार? गेल्या वर्षी आम्ही सगळे लोडर तुझ्या पाठी लागलो होतो, आम्हालाही युनियनमध्ये घ्या म्हणून. तूच म्हणालास, पुढच्या खेपेला बघू. तेव्हा आम्ही कॉन्ट्रॅक्टवाले, तुमचे नव्हतो. मग संप तेवढा आमचा कसा रे?"

खरं होतं ते. आणि खरं होतं म्हणूनच राजवर्धनचं टाळकं फिरलं.

"आत गेलास तर तू माझा कुणी नाहीस," तो म्हणाला.

"अरे ए! ताटावर बसून काय बोलतोस?" त्यांची आई, मथुराबाई, हातातला डाव तसाच धरून ओरडल्या. जयवंतराव मान खाली घालून भात कालवत राहिले. समर अर्ध्या ताटावरून उठला आणि त्याच संध्याकाळी बायकोला, मृदुलाला, घेऊन छाणीला सासुरवाडीला निघून गेला. जाताना वहिनीला सांगून गेला, आईला सांगून गेला, दादाला नाही.

मथुराबाईंची एक रीत होती. घरातलं कुणीही कामाला निघालं की त्या दारात येऊन उभ्या राहायच्या, आणि तो माणूस गल्लीच्या वळणाआड होईपर्यंत आत वळायच्या नाहीत. गॅसवर दूध असो नाहीतर दारात पाहुणा. ही रीत त्यांना सासूनं लावली होती आणि सासूला तिच्या सासूनं. पागेतून मोहिमेवर निघालेल्या माणसानं मागे पाहिलं तर त्याला घरच्यांचं तोंड दिसावं, पाठ दिसू नये. संपाच्या सकाळी राजवर्धन निघाला तेव्हा त्या अशाच उभ्या होत्या. पण गप्प राहतील तर त्या मथुराबाई कसल्या!

"काय रे राजा, तू म्हणे लोकांना पाठ फिरवायला शिकवतोस?"

"कोर्टाची भानगड आहे आई. तुला नाही कळायची."

"मला एवढं कळतं, पाठ स्मशानातून येताना फिरवतात. जित्या माणसाला नाही."

"झालं तुझं सुरू," म्हणत त्यानं स्कूटरला किक मारली. वळणावर सवयीनं मागे पाहिलं. आई होती.

पहिल्याच दिवशी नियमाची परीक्षा झाली. ओळीत राजवर्धन विमानतळाच्या बाजूच्या टोकाला, आणि त्याच्या शेजारी कौशल्याबेन. विमानं आतून झाडणाऱ्या, मूळच्या करजणच्या. संपात सगळ्यांत आधी त्यांनी नाव दिलं होतं. त्यांची मुलगी मोहना आत काउंटरवर बसायची, समरसारखीच कॉन्ट्रॅक्टवर. रिक्षातून मोहना उतरली तशी कौशल्याबेनचा चेहराच उतरला.

"राजूभाई, पोरगी आहे हो माझी. काल रात्रीपासून रडतेय."

"नियम सगळ्यांना सारखा, कौशल्याबेन. आज तुम्हाला सोडलं तर उद्या अख्खी ओळ मोडेल."

"बराबर छे," त्या म्हणाल्या. पदर तोंडाला लावला आणि वळल्या. मोहना खाली मान घालून त्यांच्या पाठीमागून गेली. गेली ती हुंदके देतच गेली, सगळ्यांना ऐकू येत होतं.

आणि लगेच मागून समरची स्कूटर आली. आता सगळ्या नजरा राजवर्धनवर. बाईला वळायला लावलंत, आता तुमचं काय? राजवर्धनचा हात सगळ्यांच्या आधी वर झाला, आणि तो सगळ्यांच्या आधी वळला. पाय जुळलेले, मान ताठ, नजर सरळ समोर. समोर मोकळं रान, चार बाभळी आणि एका बाभळीवर उतराणीपासून, म्हणजे संक्रांतीपासून, अडकलेला फाटका पतंग. स्कूटरचा आवाज आला, हळू झाला, पुन्हा वाढला आणि फाटकाकडे गेला. त्या वेळी त्याला स्वतःचा अभिमान वाटला. खोटं कशाला बोला, चांगला ऊर भरून वाटला. ओळीतले लोक नंतर त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहत होते तशा नजरेनं आजवर कुणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

मग रोज तेच. संप लांबत गेला. आत गाड्या चालवणारी माणसं उरली नव्हती, विमानांना उशीर होत होता, कंपनी दिसेल त्याला दिसेल त्या कामाला जुंपत होती. एका संध्याकाळी राजवर्धनचा फोन वाजला. टेबलावर फोन, त्यावर समरचं नाव.

"घे," मथुराबाई म्हणाल्या.

"नाही घ्यायचा. आतल्यांचे फोन रेकॉर्ड करतात, वकिलांनी बजावलंय."

"भाऊ आहे तुझा!"

"म्हणून तर त्यालाच पुढे करतील."

फोन वाजून वाजून बंद झाला. मथुराबाईंनी आपल्या फोनवरून लावून पाहिला, तर समर म्हणाला, काही नाही आई, कामाचं होतं, उद्या सकाळी दादाला तिथंच विचारतो. मथुराबाईंनी ते राजवर्धनला सांगितलंही. राजवर्धन म्हणाला, "तिथं तर अजिबातच नाही." आणि टीव्ही लावला.

सकाळी समरची स्कूटर लांबून दिसली. राजवर्धनचा हात वर झाला, ओळ वळली. पण आज स्कूटर पुढे जाईना. बरोबर त्याच्या पाठीशी येऊन थांबली. इंजिन बंद झालं.

"दादा," समर म्हणाला. "काल फोन केला होता."

राजवर्धन पतंगाकडे बघत राहिला.

"आज मला बेल्ट लोडरवर बसवतायत. चालवणारे सगळे इथं तुझ्याजवळ उभे आहेत ना. आणि मागे उभं राहायलाही कुणी नाही. आमच्या शिफ्टच्या आनंदसाहेबांना मी म्हटलं, दादाला विचारून सांगतो." तो थांबला. "बसू का?"

ओळीत कुणी हललं नाही.

"तू बोलू नकोस. नियम आहे, माहितेय मला. मान तरी हलव दादा. हो का नाही, एवढंच."

काय अवघड होतं त्यात! नियमात शब्दाला बंदी होती, मानेला नव्हती. नियम ज्यानं केला त्याला हे ठाऊक नसेल? चांगलं ठाऊक होतं. पण त्या घटकेला राजवर्धनच्या डोक्यात नको नको ते आलं. रस्त्यापलीकडे कंपनीचा एक माणूस मोबाइल धरून उभा असलेला त्यानं वळण्याआधी पाहिला होता; राजवर्धनला वाटलं, कंपनीनंच पाठवलंय समरला, आणि हा बावळट आलाय. शेजारी कौशल्याबेन उभ्या होत्या, ज्यांना त्यानं पोटच्या पोरीला पाठ दाखवायला लावली होती. आणि तळाशी कुठंतरी ते जेवणावरचं बोलणं अजून सलत होतं. तुमचे नव्हतो ना? मग आता कशाला विचारायला आलास? वर त्यानं स्वतःची समजूतही घातली. मी शिकवलंय त्याला. तोंड दिसलं नाही तर तो हलायचाच नाही.

"राजूभाई," कौशल्याबेन दातांतल्या दातांत म्हणाल्या.

राजवर्धनची मान ताठ ती ताठच.

"बरं," समर म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. अगदी साधं म्हणाला, लहानपणी दादा 'आज नाही खेळायचं' म्हणाला की म्हणायचा तसं. किक मारली. एकदा लागली नाही, दुसऱ्यांदा लागली.

ऊन चांगलं तापल्यावर आतून सायरन वाजला आणि फाटकातून ॲम्ब्युलन्स बाहेर आली. कुणा प्रवाशाला झटका आला असेल असं सगळ्यांना वाटलं. रस्त्यावर रिक्षा, टॅक्सी, नेहमीची गर्दी. राजवर्धन धावला. त्यानं दोन्ही हात पसरून गाड्या थांबवल्या, ओळीला दोन पावलं मागे घेतलं, "वाट द्या! वाट द्या!" म्हणून ओरडला. ॲम्ब्युलन्स जराही न अडता निघून गेली. बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला, "शिस्त म्हणजे शिस्त हं, भाई!" राजवर्धननं रुमालानं तोंड पुसलं. त्याला बरं वाटलं.

थोड्या वेळानं आनंद येताना दिसला. आनंद म्हणजे आतला शिफ्टचा साहेब, शाळेत राजवर्धनच्या वर्गात होता. एकटाच येत होता, पायी, भर उन्हात, गळ्यातला टाय ओढून सैल केलेला. साहेब एकटा बोलायला आला तर बोलायचं नाही. राजवर्धनचा हात वर झाला. ओळ वळली.

पावलं त्याच्या मागे येऊन थांबली. आनंदला धाप लागली होती.

"राजू, वळ."

राजवर्धन पतंगाकडे बघत होता.

"अरे वळ रे! ॲम्ब्युलन्समध्ये समर होता."

राजवर्धन वळला. आनंदच्या शर्टाच्या बाहीला रक्त लागलं होतं आणि तो लहान पोरासारखा रडत होता. तुटक तुटक सांगत होता. विमानापासून गाडी मागे घेत होता. आरशात बघायला कुणी नव्हतंच. म्हणून कमरेपासून बाहेर वाकून मागे बघायला गेला. बाजूला जिना उभा होता, प्रवासी उतरतात तो, लोखंडी. त्याच्या आणि गाडीच्या मध्ये सापडला.

"तू बसवलंस त्याला?" राजवर्धननं त्याची कॉलर धरली. कुणाला हात लावायचा नाही हा नियम तिथं मोडला, आणि ओळीतलं कुणीही पुढे झालं नाही. "परवाना नाही त्याच्याकडे! मागे माणूस नाही! तू बसवलंस?"

"मला वरून सांगितलं होतं रे. तरी मी त्याला विचारलं. म्हटलं, दादाला विचारलंस का? तर म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा नाही म्हणाला नाही."

राजवर्धनच्या हातातून कॉलर सुटली.

सयाजीगंजातल्या इस्पितळात तो पोचला तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मृदुला बाकावर बसली होती, समरची चप्पल मांडीवर घेऊन. एकच. तिनं राजवर्धनकडे पाहिलं आणि म्हणाली, "भाऊजी, ते काल रात्री म्हणत होते, दादाला विचारल्याशिवाय बसायचो नाही. तुम्ही काय सांगितलंत त्यांना?" तिला खरंच माहीत नव्हतं.

देह दुसऱ्या दिवशी मिळाला. बाबाजीपुऱ्याची गल्ली माणसांनी भरली, संपवाले सगळे आले, आतले कामवालेही आले, आणि आता कुणी कुणाकडे पाठ फिरवत नव्हतं. त्यातच राजवर्धनला मुंबईहून फोन आला. त्यानं सवयीनं घेतला. पलीकडून युनियनचा माणूस बोलत होता. कंपनी नमली. आजपासून प्रत्येक गाडीमागे माणूस. कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही युनियनमध्ये घ्यायचं ठरलंय. "तुमच्या भावाचं बलिदान वाया गेलं नाही, राजूभाई. जिंकलो आपण." राजवर्धननं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

तो जिन्यात एकटाच उभा होता, तेव्हा कौशल्याबेन जवळ आल्या. डोळे सुजले होते.

"एक सांगते राजूभाई. आज नाही सांगितलं तर मला जन्मभर खात राहील." त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "मी मोहनाला रोज हात करत होते. पाठ फिरवली की हात मागे घ्यायचे आणि बोटं हलवायची. तिला कळायचं, आई रागावलेली नाही. दुसऱ्या दिवसापासून पोरगी रडायची थांबली."

खिशातला फोन पुन्हा वाजला, राजवर्धननं तो न बघताच बंद केला.

"मी एकटीच नाही. सगळेच करायचे. कुणी खोकायचं, कुणी चप्पल आपटायचं. ओळीतल्या त्या इलेक्ट्रिकवाल्याचा साडू आत होता, हा पाठीमागून डब्यातला ढोकळासुद्धा द्यायचा त्याला. आम्हाला वाटलं तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही कानाडोळा करताय. आम्हाला वाटलं, तुम्हीपण समरभाईंना काहीतरी खूण करत असाल." त्यांनी पदर तोंडात कोंबला. "पण तुम्ही कधी इकडे मान वळवलीच नाहीत हो. सरळ समोरच बघत राहिलात."

म्हणजे अख्ख्या ओळीत तो नियम त्यानं एकट्यानंच पाळला होता. राजवर्धनला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडणार कुणावर? तो खाली गेला आणि तिरडीला खांदा दिला.

मथुराबाई दारात उभ्या होत्या. त्यांना धरायला बायका होत्या, पण त्यांनी सगळ्यांचे हात झिडकारले. गल्लीच्या वळणापर्यंत त्या बघत राहिल्या. वळणावर राजवर्धननं मागे पाहिलं. आई होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

खासवाडीच्या स्मशानात जयवंतरावांनी अग्नी दिला. म्हाताऱ्याला पलिता एकट्याला धरवेना, दुसऱ्यानं हात लावावा लागला. एसटीत इतकी वर्षं ताठ उभा राहिलेला माणूस तिथं पार वाकून गेला. चितेनं पेट घेतला. लाकडं चांगली वाळलेली होती, उशीर लागला नाही.

"चला आता," तात्यासाहेब म्हणाले. घराण्यातले सगळ्यांत वडील तेच, असल्या वेळी काय करायचं काय नाही ते त्यांनीच सांगायचं. "चला. आणि कुणी मागे वळून बघायचं नाही."

सगळ्यांनी पाठ फिरवली. जयवंतराव फिरले, आनंद फिरला, संपवाले फिरले. इतक्या दिवसांची सवय, एका दमात फिरले. आणि खाली माना घालून फाटकाकडे चालू लागले.

राजवर्धन फिरला नाही.

"राजा," तात्यासाहेब म्हणाले. "बघू नये रे. त्याला जाता येत नाही मग. रीत आहे."

"असू दे," राजवर्धन म्हणाला.

तो चितेकडे तोंड करून उभा राहिला. मग त्यानं एक पाऊल मागे टाकलं, मग दुसरं. टेम्पोच्या मागे चालायचा तसा तो उलटा चालत निघाला, तोंड सगळा वेळ समोर, जाळाकडे. मागे दगड होते, पायरी होती. आनंद धावत मागे आला, त्यानं राजवर्धनचा दंड धरला आणि सांभाळून न्यायला लागला. "पायरी आहे राजू," म्हणाला. राजवर्धननं पायरीकडे पाहिलं नाही.

आणि तो मान हलवत होता. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नाही. नाही बसायचं. फाटकापर्यंत हलवत राहिला, आणि फाटकाबाहेर भिंतीआड जाळ दिसेनासा झाला तरी त्याची मान थांबेना. शेवटी जयवंतरावांनी ती दोन्ही हातांत धरली.